वाऱ्याचा वेग हाती कसा ठेवावा?
शालेय विज्ञान प्रदर्शनातील वाऱ्याचा बोगदा आणि त्याच्या पंख्याचे नियंत्रण

स्मरणिकेत आठवणींचे लेख असतात, सत्कारांचे वृत्तांत असतात, आणि ते असावेतच. परंतु आपल्या निवासी शाळेत आज मुले काय शिकतात, कसे शिकतात, हे एखाद्या विषयाच्या निमित्ताने मुळापासून उलगडून दाखवणारा लेखही या पानांत असावा, असे आम्हा विज्ञान विभागातील शिक्षकांना वाटले. माजी विद्यार्थ्यांना त्यात आपल्या प्रयोगशाळेचा गंध सापडेल आणि पालकांना आपला मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आल्यावर जुना पंखा का मागते, याचा उलगडा होईल.

विषय आहे घरगुती साहित्यातून उभारलेल्या वाऱ्याच्या बोगद्याचा. इंग्रजीत त्याला विंड टनेल म्हणतात, पुस्तकी मराठीत वातविवर. वसतिगृहातील मुलांच्या तोंडी मात्र 'वाऱ्याचा बोगदा' हेच नाव रुळले आहे. तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनांत असे बोगदे अधूनमधून दिसतात. पुठ्ठ्याची पेटी, एका टोकाला पंखा, मध्ये काचेआड टांगलेले विमानाचे पंख आणि उदबत्तीच्या धुराच्या रेषा असे ते देखणे दृश्य असते. त्यासमोर उभे राहून परीक्षक सहसा एकच प्रश्न विचारतात : "आत वारा किती वेगाने वाहतो आहे, आणि ते तुम्हाला कसे कळले?" या प्रश्नाचे उत्तर असेल तर तो प्रयोग ठरतो, नसेल तर ती शोभेची पेटी राहते. बाजारात तयार प्रतिकृती विकत मिळण्याच्या या काळात, भंगारातून पेटी जोडणाऱ्या आपल्या मुलांचे खरे भांडवल हे उत्तरच आहे. म्हणून वारा हवा तितका कसा करावा आणि तो तितकाच आहे हे कसे जाणावे, एवढेच या लेखात मांडले आहे.

बोगद्याची रचना

विमान स्थिर हवेतून पुढे जाते, तेव्हा त्याच्या पंखांवर जी बले लागतात, तीच बले पंख स्थिर ठेवून हवा त्याच्यावरून वाहवली तरी लागतात. बोगद्याचे सारे शास्त्र या एका तत्त्वावर उभे आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतील १.२ मीटरचा मोठा बोगदा १९६७ पासून हेच काम करीत आला आहे. त्यातील हवा ध्वनीपेक्षाही वेगाने वाहू शकते. शाळेला सेकंदाला पाच मीटर पुरेत.

शाळेच्या बोगद्याचे चार भाग असतात. तोंड ४० सेंटिमीटर चौरस. तेथे नळ्यांची जाळी. त्यानंतर निमुळता होत जाणारा भाग. मग २० सेंटिमीटर चौरसाचा, पारदर्शक बाजूंचा प्रयोगकक्ष. शेवटी हळूहळू रुंदावत जाणारा सुमारे ६० सेंटिमीटर लांबीचा भाग आणि त्याच्या टोकाला ३० सेंटिमीटरचा एक्झॉस्ट फॅन. पंखा मागे असतो आणि तो हवा बाहेर ओढतो, हे येथे महत्त्वाचे. पंख्याने समोरून फुंकलेली हवा गिरकी घेत येते. मागून ओढलेली हवा खोलीतील शांत साठ्यातून सरळ आत शिरते. जाळीच्या नळ्या उरलीसुरली गिरकी मोडतात. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशात बंदी असल्याने कागदी स्ट्रॉ वापरावेत, किंवा वहीच्या कागदाच्या सुरळ्या कराव्यात. सहा मिलिमीटर जाडीच्या नळीला चार ते पाच सेंटिमीटर लांबी योग्य होते.

तोंडाचे क्षेत्रफळ प्रयोगकक्षाच्या चौपट आहे. जितकी हवा आत येते तितकीच पुढे जाते, म्हणून तोंडाशी सेकंदाला १.२५ मीटर वेगाने येणारी हवा कक्षात ५ मीटर वेगाने धावते. नदीचे पात्र घळीत अरुंद झाले की पाणी वेग घेते, तसेच हे.

वेगावर ताबा कशासाठी?

पंखाला वर उचलणारे बल, म्हणजे उत्थापक बल, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर बल चौपट होते. १५ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद असा लहानसा पंख घेतला, तर ५ मीटर वेगाला त्यावर साधारण आठ ग्रॅम वजनाइतके बल लागावे, असा हिशेब येतो, २.५ मीटर वेगाला तेच दोन ग्रॅमवर येते. सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर हा फरक सहज वाचता येतो.

पण हाच वर्गाचा नियम अंगावरही येतो. वेग ५ ऐवजी ५.५ झाला, म्हणजे केवळ दहा टक्क्यांनी वाढला, तर बल एकवीस टक्क्यांनी वाढते. समजा, एका विद्यार्थिनीने सकाळी सपाट पंख तपासला आणि संध्याकाळी कमानदार पंख. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाल्याने विजेचा दाब उतरला आणि वारा मंदावला, तर कमानदार पंख प्रत्यक्षात चांगला असूनही काट्यावर हलका ठरेल. निष्कर्ष चुकेल आणि दोष पंखाच्या माथी जाईल. दोन नमुन्यांची तुलना न्याय्य व्हायची, तर दोघांनाही सारखाच वारा मिळाला पाहिजे.

पंख्याची मोटर आणि रेग्युलेटर

घरातील बहुतेक जुन्या पंख्यांत इंडक्शन मोटर असते. तिची मूळ गती विजेच्या वारंवारतेने आणि मोटरच्या ध्रुवांच्या संख्येने ठरते. आपल्याकडे वारंवारता ५० हर्ट्झ आहे. सहा ध्रुवांच्या मोटरचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १००० फेरे घेते आणि पाती त्याच्या किंचित मागे, ९०० च्या आसपास फिरतात. या मागे पडण्याला 'स्लिप' म्हणतात. रेग्युलेटर विजेची वारंवारता बदलत नाही. तो मोटरला मिळणारा दाब कमी करतो, मोटरची ओढण्याची ताकद घटते, आणि पाती अधिक मागे पडतात. पंख्याच्या बाबतीत ही पद्धत चालून जाते, कारण गती घटली की हवेचा भारही झपाट्याने घटतो. मात्र स्लिप वाढली की मोटरच्या आत उष्णता साठते. म्हणून अगदी मंद गतीवर पंखा तासन्‌तास चालवू नये, आणि सुरू करताना आधी पूर्ण गतीवर नेऊन मग खाली आणावा. कमी दाबावर मोटर कधी कधी सुरूच होत नाही, नुसती गुणगुणत तापते.

रेग्युलेटरचे तीन प्रकार आपल्या घरांत आढळतात.

पहिला जुना, चौकोनी डब्याचा. त्याच्या आत तारेचे वेटोळे असते. उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून तो हाताला गरम लागतो. वजनदार आहे, पण त्यातून मिळणारी विजेची लहर अखंड असते.

दुसरा टप्प्याटप्प्यांचा, कपॅसिटरवर चालणारा. तो तापत नाही आणि मोटरही आवाज करीत नाही. अडचण एवढीच की त्याला चार-पाचच टप्पे असतात, आणि ते छताच्या पंख्यासाठी बेतलेले असतात. एक्झॉस्ट फॅनला तो जोडला तर टप्प्यांमधील अंतरे अनियमित होतात. बटणावरील '३' म्हणजे '१' च्या तिप्पट वारा, असा अर्थ कोणत्याही रेग्युलेटरमध्ये नसतो. तो केवळ क्रमांक असतो.

तिसरा सलग फिरणाऱ्या खुंटीचा, इलेक्ट्रॉनिक. त्यातील ट्रायॅक नावाचा भाग विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा काही अंश अडवतो आणि उरलेला सोडतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा हे कापणे चालते. गती हवी तशी लावता येते, हा मोठा लाभ. तुटक लहरीमुळे मंद गतीवर मोटर गुरगुरते, तिची थरथर पेटीत उतरते आणि काट्यावरील आकडे नाचू लागतात. पंखा आणि पेटी यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची किंवा स्पंजाची पट्टी घातली, तर थरथर बरीच अडते. दिव्यासाठीचा डिमर पंख्याला लावू नये. तो मोटरच्या भारासाठी बनवलेला नसतो.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत 'डिमरस्टॅट' नावाचे गोल चकतीचे उपकरण असते. त्यातून दाब सलग बदलतो आणि लहरही अखंड राहते. जवळच्या महाविद्यालयाने किंवा आयटीआयने काही दिवसांसाठी ते दिले, तर उत्तमच. मात्र त्याच्या बाहेर येणारी वीज मुख्य वाहिनीपासून अलग झालेली नसते. दाब कमी दिसतो म्हणून ती सुरक्षित आहे असे समजू नये.

बारा व्होल्टचा मार्ग

लहान मुलांनी स्वतः जोडणी करायची असेल, तर बारा व्होल्टचा मार्ग आम्हाला अधिक श्रेयस्कर वाटतो. जुन्या संगणकातील पंखे किंवा मोटारगाडीच्या रेडिएटरचा पंखा यासाठी उपयोगी पडतो. रेडिएटरचा पंखा जोरदार असतो, पण तो दहा अँपिअरच्या घरात किंवा त्याहून अधिक प्रवाह घेऊ शकतो. म्हणून त्याला जाड तारा, फ्यूज आणि गाडीची बॅटरी हवी. बॅटरीचा एक छुपा लाभ असा की गावातील विजेच्या चढउतारांशी तिचा संबंध राहत नाही. पूर्ण भरलेली बॅटरीही वापरता वापरता हळूहळू उतरते, म्हणून प्रत्येक फेरीआधी तिचा दाब मल्टिमीटरने पाहून वहीत लिहावा.

अशा पंख्याची गती 'पीडब्ल्यूएम' पद्धतीने बदलतात. वीज अतिशय वेगाने चालू-बंद केली जाते; चालू असण्याचा काळ जितका अधिक, तितकी गती अधिक. संगणकाच्या चार तारांच्या पंख्यात यासाठी स्वतंत्र तार असते. तिच्यावर २५ किलोहर्ट्झची खूण द्यायची असते आणि वीजपुरवठ्याची तार अखंड ठेवायची असते. आणखी एक तार प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंद देते. ते मोजले की पात्यांची गती आपोआप कळते.

पंखा तसाच, वारा कमी

पंख्याला हात न लावताही वारा कमी करता येतो. प्रयोगकक्ष आणि पंखा यांच्यामधील रुंद भागात दोन्ही बाजूंना सारख्या आकाराच्या खिडक्या कापाव्यात आणि त्यांवर सरकत्या झडपा बसवाव्यात. झडप उघडली की पंखा काही हवा खोलीतून थेट तेथेच ओढतो आणि प्रयोगकक्षातून जाणारी हवा तितकी घटते. पंखा आपल्या नेहमीच्या गतीने फिरत राहतो, मोटर तापत नाही, थरथर बदलत नाही. बोगद्याचे तोंड झाकून वारा कमी करण्यापेक्षा हे बरे. तोंड आवळले की पंख्याच्या पात्यांवरील प्रवाह फाटतो आणि वारा धडधडू लागतो.

झडपेच्या कडेला पट्टी चिकटवली, की 'दोन सेंटिमीटर उघडी', 'चार सेंटिमीटर उघडी' अशी नोंद करता येते. रेग्युलेटरने ढोबळ गती लावावी आणि झडपेने बारीक जुळवणी करावी, ही जोडी शालेय बोगद्याला सर्वांत सोयीची आहे. यात विजेचे एकही नवे जोड लागत नाहीत, त्यामुळे पाचवी-सहावीची मुलेही हे काम करू शकतात.

मोजल्याशिवाय नियंत्रण नाही

खुंटी फिरवणे म्हणजे नियंत्रण नव्हे. खुंटी फिरवल्यावर कक्षातील वाऱ्याचे काय झाले हे कळणे, आणि तो हव्या त्या जागी आणता येणे, याला नियंत्रण म्हणतात. त्यासाठी बाजारातील वेगमापक नसला तरी चालते. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी पुरेशी आहे.

हवा वेगाने वाहू लागली की तिचा दाब उतरतो. कक्षाच्या भिंतीला एक लहान, गुळगुळीत काठाचे भोक पाडून त्याला नळी जोडली, की तेथील दाब खोलीतील दाबापेक्षा किती कमी आहे ते पाण्याच्या साहाय्याने दिसते. ५ मीटर वेगाला हा फरक १५ पास्कल, म्हणजे पाण्याची अवघी दीड मिलिमीटर उंची. उभ्या नळीत तो डोळ्यांना दिसणार नाही. म्हणून एक मीटर लांबीची नळी फळीवर चिकटवून तिचे एक टोक फक्त दहा सेंटिमीटर वर उचलावे. आता उंचीतील एक मिलिमीटर नळीवर दहा मिलिमीटर होऊन दिसतो. खालचे टोक पाण्याने भरलेल्या रुंद बाटलीच्या तळाशी जोडावे, बाटलीचे तोंड खोलीत उघडे ठेवावे, आणि वरचे टोक बोगद्याच्या भोकाला जोडावे. पाण्यात शाईचे दोन थेंब घालावेत म्हणजे ते दिसते, आणि साबणाचा एक थेंब घालावा म्हणजे ते नळीला चिकटत नाही.

हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर उताराच्या नळीवर पाणी असे सरकेल :

३ मीटर प्रति सेकंद : ५.५ मिलिमीटर
४ मीटर प्रति सेकंद : ९.८ मिलिमीटर
५ मीटर प्रति सेकंद : १५.३ मिलिमीटर
६ मीटर प्रति सेकंद : २२ मिलिमीटर

आकडे समान अंतराने वाढत नाहीत. येथेही वर्गाचा नियमच दिसतो. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात हवा विरळ होते आणि घनता १.१ च्या आसपास येते. तेव्हा त्याच खुणेवर प्रत्यक्ष वेग चार टक्क्यांनी अधिक असतो. जाळीतील घर्षणामुळेही वाचन थोडे फुगते. पण तुलनेच्या प्रयोगाला याने बाध येत नाही, कारण आपल्याला दोन्ही नमुन्यांच्या वेळी पाणी त्याच खुणेवर हवे असते. मुलांना आम्ही एवढेच सांगतो : नजर रेग्युलेटरवर नको, पाण्याच्या खुणेवर हवी. पाणी खाली सरकले तर झडप थोडी बंद करा, वर गेले तर थोडी उघडा.

पाती किती फेरे घेतात हे पाहायचे असेल, तर एका पात्यावर पांढरी पट्टी चिकटवून मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे टिपणारे चित्रण करावे. ९०० फेऱ्यांची गती असेल तर पट्टी दर सोळा चित्रांनी त्याच जागी येते. त्याच बोगद्यात फेरे आणि वाऱ्याचा वेग यांचे प्रमाण जवळजवळ कायम राहते, मात्र लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायला आठपट शक्ती लागते. मोठा बोगदा बांधण्याच्या उत्साहाला हा नियम वेळीच आवर घालतो.

मोटर तापू लागली की तिची गती थोडी उतरते. म्हणून पहिले वाचन घेण्यापूर्वी पंखा दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावा. प्रत्येक नमुन्याची वाचने तीनदा घ्यावीत, आणि एकदा वेग चढवत व एकदा उतरवत घ्यावीत. तीनही आकडे लिहावेत. सरासरी काढून मूळ आकडे खोडून टाकू नयेत.

राइट बंधूंची युक्ती

विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांनी अमेरिकेतील डेटन येथे आपल्या सायकलच्या दुकानात १९०१ मध्ये बोगदा बांधला, तो आपल्या पेटीहून फार वेगळा नव्हता. सुमारे सहा फूट लांब, आतून सोळा इंच चौरस अशी ती लाकडी पेटी होती. त्या उन्हाळ्यात त्यांच्या ग्लायडरला छापील कोष्टकांनुसार जितके उत्थापक बल मिळायला हवे होते, तितके मिळाले नव्हते. कोष्टके खरी की अनुभव खरा, हे ठरवायला त्यांनी स्वतः मोजायचे ठरवले आणि काही महिन्यांत सुमारे दोनशे आकारांचे लहान पंख तपासले.

त्यांचा पंखा दुकानाच्या इंजिनावर पट्ट्याने फिरे. आजच्यासारखे रेग्युलेटर त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी तराजूच असा बनवला की वेग थोडा डळमळला तरी उत्तर बदलू नये. करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार यांतून बनलेल्या त्या तराजूत नमुन्याचे उत्थापक बल त्याच वाऱ्यात आडव्या धरलेल्या सपाट पट्ट्यांवरील बलाशी तोलले जाई. वारा वाढला तर दोन्ही पारडी सारखीच वाढत, घटला तर सारखीच घटत. प्रमाण तेच राही. नियंत्रण अपुरे असेल तेव्हा तुलनेला एक ठरावीक साथीदार द्यावा, हा धडा आपल्या मुलांनाही घेता येतो. नमुन्याशेजारी दुसऱ्या काट्यावर एक साधी चौकोनी पट्टी ठेवावी आणि दोन्ही वाचने एकाच क्षणी घ्यावीत. विजेच्या दाबाचा लहरीपणा मग बराचसा निष्प्रभ होतो.

सुरक्षिततेचे नियम

२३० व्होल्टची जोडणी मुलांनी करायची नाही. ती शिक्षकांच्या उपस्थितीत जाणकार वायरमनने करावी. पंख्याला पुढून-मागून जाळी, तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची तार आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असावा. रेग्युलेटर उघडा टांगू नये, बंद डब्यात बसवावा. पाण्याची नळी आणि विजेच्या तारा बोगद्याच्या विरुद्ध बाजूंना ठेवाव्यात. धुरासाठी उदबत्ती लावायची, तर पुठ्ठ्यापासून दूर, धातूच्या बशीत, आणि शेजारी वाळूची बादली.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी वायरमन आहेत, कोणी मोटर रिवाइंडिंगचे दुकान चालवतात, कोणी आयटीआयमध्ये शिकवतात, कोणी अभियंते झाले आहेत. आमची त्यांना विनंती आहे की प्रदर्शनाच्या आधी एखादा रविवार प्रयोगशाळेत द्यावा. जुना डब्याचा रेग्युलेटर, चालू स्थितीतील एक्झॉस्ट फॅन, जळालेली पण उघडून दाखवता येईल अशी मोटर, सोनाराचा जुना काटा, यांतील जे अडगळीत पडले असेल ते घेऊन यावे. मोटर उघडून तिचे वेटोळे दाखवणारा हात मुलांना पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा जास्त सांगून जातो.

पालकांना इतकेच सांगणे की दिवाळीच्या सुट्टीत मुलीने नळी तिरपी धरून पाण्याची खूण पाहत बसण्याचा हट्ट धरला, तर तो वेळ वाया गेला असे मानू नये. भारतीय संविधानाच्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकस बुद्धी विकसित करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले आहे. प्रदर्शनाच्या टेबलामागे उभी राहून ती परीक्षकांना "वारा पाच मीटरचा आहे, पाणी पंधरा मिलिमीटरच्या खुणेवर आहे, आपण स्वतः वाचून पाहा" असे सांगते, तेव्हा ती तेच कर्तव्य पार पाडत असते.